मास्तर गेले वाटतं

1994 च्या थंडीतली गोष्ट. आठवडाभर मी वाईजवळच्या एका शाळेत गणित शिकवायचो आणि शनिवारी रात्री साडेअकराला भूत व्हायचो. मधल्या आळीतल्या केबलवाल्याची चारेकशे कनेक्शनं होती. झी टीव्ही सुरू होऊन दोनेक वर्षं झालेली, भुताचे पिक्चर काढणाऱ्या रामसे बंधूंची भुतं तिथे दर आठवड्याला घरात यायला लागलेली. आमच्या केबलवाल्याला वाटलं, आपणही शनिवारी भुताचा पिक्चर लावावा. पण नुसता नाही, आधी आणि मध्यंतरात कुणीतरी येऊन लोकांना घाबरवायचं. हौशी नाटकात कामं करणारा आणि फुकट मिळण्याजोगा माणूस म्हणजे मी. तरी त्याने शो-मागे पन्नास रुपये आणि चहा कबूल केला. पिक्चर दाखवायचे हक्क वगैरे त्याने कुणाला विचारले नाहीत आणि मीही त्याला विचारलं नाही.

अमेरिकेत हा धंदा जुना आहे हे मला फार नंतर कळलं. लॉस एंजेलिसच्या एका वाहिनीवर 1954 साली मायला नुर्मी नावाची नटी काळा झगा घालून, 'व्हॅम्पायरा' होऊन मध्यरात्रीचे पिक्चर सादर करायची म्हणे. माझ्याकडे झगा नव्हता. आजोबांचं धोतर डोक्यावरून घ्यायचं, गालांना काजळी फासायची आणि हनुवटीखाली टेबल लॅम्प ठेवायचा. लॅम्पला नाटकाच्या स्पॉटलाइटचा हिरवा जिलेटीन कागद चिकटवलेला. पाठीमागे काळा पडदा लावायचा बेत होता, पण त्याला कापड कोण घेणार? म्हणून मागे नुसता अंधार आणि त्या अंधारात जिन्याचं दार.

कंट्रोल रूम म्हणजे दुकानावरची दहा बाय बाराची खोली. दोन व्हीसीआर, मॉड्युलेटर, वायरींचा गुंता, लग्नाच्या शूटिंगचा भाड्याचा कॅमेरा आणि एक स्विच. स्विच वर केला की घरोघरी पिक्चर दिसायचा, खाली केला की मी. फोनची घंटा माइकवर येते म्हणून फोन उशीखाली. उशी माझीच, घरून आणलेली.

त्या रात्री एक व्हीसीआर दुरुस्तीला गेलेला. दुसऱ्याने मध्यंतरानंतर दहाच मिनिटांत कॅसेट खाल्ली. केबलवाल्याच्या पोऱ्याने टेप ओढून बाहेर काढली तर हातभर शेवया. त्याने स्विच खाली केला, "मास्तर, पाच मिनिटं सांभाळा, घरून व्हीसीआर आणतो" म्हणाला आणि सायकल काढून गेला. घर गंगापुरीत. पाच मिनिटं कसली!

मी सांभाळलं. रामशांचा पहिला भुताचा पिक्चर, 'दो गज जमीन के नीचे', 1972 चा, आपल्या महाबळेश्वरात कसा काढला ते सांगितलं. सात भाऊ, एक कॅमेऱ्यावर, एक आवाजावर, एक लिहायला, दोघं दिग्दर्शनाला, म्हणजे बाहेरच्या माणसाला पगार द्यायला नको. पसरणीचा घाट चढलात की तुम्ही त्या भुताच्या हद्दीत, असं खर्जात म्हणालो. मग साठा संपला. नुसतं रोखून बघत बसावं, तेही भीतीदायकच दिसेल, असा विचार केला.

तेवढंच आठवतं. सकाळी सातची शाळा करून, दुपारी शिकवण्या घेऊन आलो होतो. त्यात लॅम्पची ऊब. आणि माझी एक खोड आहे: मी अर्धवट उघड्या डोळ्यांनी झोपतो. लहानपणी आई त्यावरून घाबरायची. त्या रात्री चारशे घरं घाबरली. हिरवा चेहरा, डोळे उघडे, पापणी हलत नाही, पाच मिनिटं, दहा मिनिटं. फोन उशीखाली गुदमरत होता.

खालच्या मजल्यावर सायकलवाले काका राहायचे. त्यांच्या बायकोने त्यांना उठवलं, "अहो, वर जाऊन बघा, मास्तर गेले वाटतं." काका थंडीचे घोंगडीत गुरफटलेले, डोक्यावर कानटोपी. तसेच अंधारात जिना चढून आले. गावाला काय दिसलं ते मला दुसऱ्या दिवशी वीसेक जणांनी सांगितलं: मेलेल्या मास्तरच्या मागून एक काळा आकार सरकत आला आणि त्याने मास्तरच्या खांद्यावर हात ठेवला.

मी किंचाळलो. खरंखुरं, पोटातून. माझ्या आवाजाने काका ओरडले. आणि त्याच क्षणी खिडकीतून आळीतल्या घराघरांतून एकदम किंकाळी ऐकू आली. बायका, पोरं, बाप्ये, सगळे. कुठल्याशा घरात काचेचं काहीतरी फुटलं. कुत्री उठली. नाटकात इतकी वर्षं घालवली, असा प्रतिसाद कधी मिळाला नाही.

काकांना कॅमेरा चालू आहे हे ठाऊकच नव्हतं. ते छाती धरून म्हणाले, "मास्तर, जिवंत आहात ना? मग तसं एकदा बोला, ही खाली रडतीय." मी भिंगाकडे बघून म्हणालो, "काकू, मी आहे." खालून उत्तर आलं, तेही माइकवर गेलं: "मग झोपायला घरी जा की!"

पोऱ्या व्हीसीआर घेऊन आला, पिक्चर पुन्हा लागला. तो कुणी पाहिला असेल असं वाटत नाही. पुढच्या शनिवारी केबलवाल्याने काकांनाच बोलावलं, घोंगडीसकट. काका आले, पण आधी बायकोला विचारून, आणि मानधन माझ्यापेक्षा दहा रुपये जास्त मागून.