काळ्या यादीतला आवाज

रोज सकाळी लिनक्सवाला कॉम्प्युटर सुरू करायचा, पासवर्ड टाकायचा आणि टर्मिनल, म्हणजे हुकूम टाइप करायची खिडकी, उघडून एक ओळ बडवायची : सुडो मॉडप्रोब एसएनडी-एचडीए-इंटेल. म्हणजे साउंडकार्ड चालवणारा प्रोग्राम, त्याचा ड्रायव्हर, हाताने चढवायचा. एंटर मारलं की स्पीकरमधून बारीकसं 'टिक्' यायचं, झोपेत कुणी कूस बदलावी तसं. मग दिवसभर गाणी, मीटिंगा, सगळं सुरळीत. रात्री मशीन बंद केलं की दुसऱ्या दिवशी पुन्हा शुकशुकाट. दीड महिना हे चाललं. मेंदू जागा व्हायच्या आधी बोटं ती ओळ लिहून मोकळी व्हायची.

आवाज गेला की कॉम्प्युटर तक्रारच करत नाही, हे फार वाईट. इंटरनेट गेलं तर निदान तसं लिहून तरी येतं. इथे व्हिडिओ चालू, वेळ पुढे सरकतेय, माणसं ओठ हलवतायत. आपण बिचारे स्पीकरची वायर काढघाल करत बसतो.

डॉस या जुन्या सिस्टिमच्या काळात हा मुकेपणा समजण्यासारखा होता. साउंड ब्लास्टर कार्डाचा पत्ता सुरू होताना चालणाऱ्या ऑटोएक्झेक फाइलमध्ये आपणच लिहायचा : पोर्ट 220, इंटरप्ट 5, डीएमए 1. एक आकडा चुकला की गेम मुका. आताची कार्डं स्वतःहून ओळख देतात. चिपमध्ये कंपनीचा क्रमांकच असतो. इंटेलचा 8086, म्हणजे 1978 च्या त्यांच्या प्रोसेसरचंच नाव, हौस म्हणायची! लिनक्स सुरू होताना यूडेव्ह हा त्याचा हार्डवेअर सांभाळणारा प्रोग्राम ही ओळख घेतो आणि जुळणारा ड्रायव्हर चढवतो. डिसेंबर 2003 मध्ये आलेल्या 2.6 कर्नलपासून (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) आल्सा या आवाजाच्या यंत्रणेचे ड्रायव्हर कर्नलसोबतच येतात. मग माझ्याच मशीनला काय धाड भरली होती?

एका रविवारी कंबर कसली. 'मॉड्यूल्स-लोड डॉट डी' या फोल्डरमध्ये फाइल केली, तिच्यात ड्रायव्हरचं नाव लिहिलं. सुरू होतानाच चढवायच्या मॉड्यूलांची (कर्नलला जोडायच्या तुकड्यांची, ड्रायव्हर त्यातलाच) नावं तिथेच द्यायची असतात. रीस्टार्ट. शांतता. हाताने चढवला की चढतो, आपोआप म्हटलं की अडून बसतो.

लॉग, म्हणजे मशीनची नोंदवही, उपसला. हे मॉड्यूल मनाई केलेल्या यादीत आहे, असं तिथे सरळ लिहिलेलं. 'मॉडप्रोब डॉट डी' फोल्डरमध्ये शोधलं तर एक इवलीशी फाइल. 'ब्लॅकलिस्ट' आणि पुढे माझ्याच साउंडकार्डाच्या ड्रायव्हरचं नाव. तारीख दीड महिन्यापूर्वीची. मालक रूट, मशीनचा सर्वाधिकारी, म्हणजे अस्मादिकच.

मग आठवलं. स्पीकरमधून घरघर येत होती, तेव्हा कुठेतरी वाचलेला उपाय न समजता चिकटवला होता. घरघर थांबली खरी! या काळ्या यादीचा कायदाही मजेशीर आहे. मॉडप्रोब लिहून हाताने बोलावलं तर ड्रायव्हर मुकाट आत येतो. यूडेव्हने ओळख पटवून आणला तर मज्जाव, आणि सुरुवातीच्या यादीतून आला तरी मज्जाव. म्हणून रोज सकाळी माझी ओळ चालायची आणि मला वाटायचं, मशीन विसरतंय.

ब्लॅकलिस्टची ती ओळ खोडली, माझी नवी फाइलही उडवली. रीस्टार्ट केल्यावर लॉगिनच्या आधीच 'टिक्' झालं.

त्याच फाइलमध्ये खाली आणखी एक नाव होतं, पीसीएसपीकेआर. चुकीची कळ दाबली की कॅबिनेटमधून कर्कश्श 'पीप्' करणारा तो आतला स्पीकर. त्याला मात्र यादीतच राहू दिलं.