आजेसासूबाईंच्या ताटल्या: तुम्ही विचारलेत म्हणून

अमेरिकेत आमच्या घरी जेवायला येणारी मराठी मंडळी दोन प्रश्न हमखास विचारतात: मधाच्या रंगाच्या या काचेच्या ताटल्या खरोखरच जुन्या आहेत हे कशावरून, आणि तशा असतील तर त्या कपाटात जपून ठेवण्याऐवजी तुम्ही त्यांत रोज वरणभात कसा वाढता?

या ताटल्या माझ्या पतीच्या आजीच्या, म्हणजे ओहायोत संसार केलेल्या माझ्या आजेसासूबाईंच्या. १९२९ नंतरच्या महामंदीत यंत्राच्या साच्यात दाबून काढलेली अशी रंगीत, स्वस्त काचेची भांडी तिकडे घरोघरी पोहोचली; काही ओट्सच्या खोक्यातून, तर काही सिनेमाच्या तिकिटाबरोबर फुकट मिळत. आज संग्राहक त्यांना ‘डिप्रेशन ग्लास’ म्हणतात आणि मखमलीवर मांडतात, याची मला थोडी गंमत वाटते.

ओळख पटवताना रंगावर विसंबू नये, नक्षी पाहावी, कारण यांतल्या बहुतेक भांड्यांवर कारखान्याचा शिक्काच नसतो. आमच्या ताटल्यांच्या मध्यभागी शंकरपाळ्याच्या आकाराची जाळीदार चौकट आणि भोवती वेलबुट्टी आहे. ही कोलंबस येथील फेडरल ग्लास कंपनीची ‘माद्रिद’ नक्षी, १९३२ ते १९३९ या काळातली. घोळ असा की अमेरिकन स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीनिमित्त १९७६ मध्ये त्याच कंपनीने हीच नक्षी याच रंगात ‘रिकलेक्शन’ या नावाने पुन्हा काढली. सुदैवाने त्या मालाच्या नक्षीत ‘७६’ हा बारीक आकडा दडवलेला आहे, तो भिंग घेऊन शोधावा लागतो. पुढे साचे इंडियाना ग्लासकडे गेले, त्यांनी तो आकडा काढून टाकला आणि बिनरंगी, निळा व गुलाबी माल काढला. म्हणून गुलाबी ‘माद्रिद’ कोणी जुनी म्हणून दाखवली, तर आधी शंका घ्यावी. काचेतले बुडबुडे आणि साच्याची उमटलेली रेघ हे त्या काळच्या घाईच्या उत्पादनाचे स्वाभाविक गुण आहेत, पण तेवढ्यावरून निकाल देता येत नाही.

काही उत्साही पाहुणे अतिनील किरणांची बॅटरी घेऊन येतात. आमच्या ताटल्या त्या प्रकाशात चमकत नाहीत, याने त्यांची निराशा होते. हिरव्या भांड्यांपैकी काहींच्या काचेत युरेनियम असल्यामुळे ती झगझगीत हिरवी दिसतात. मात्र युरेनियमची काच एकोणिसाव्या शतकातही होती आणि आजही तयार होते, त्यामुळे चमक हा वयाचा दाखला नव्हे. तिच्यातला किरणोत्सर्ग वापरणाऱ्याच्या दृष्टीने अत्यल्प असतो, तरीही अशा भांड्यात लोणचे किंवा चिंचेचे सार मी साठवून ठेवणार नाही.

आता वापराविषयी. ही काच ओव्हनमधल्या भांड्यांसारखी उष्णता सोसणारी नाही आणि तापमानातला अचानक बदल तिला तडा देतो. म्हणून फ्रीजमधून काढलेल्या ताटलीत उकळती आमटी वाढू नये, आणि मायक्रोवेव्हचा तर विचारही करू नये. डिशवॉशरमधल्या तीव्र क्षारांनी आणि गरम पाण्याने काच झिजून कायमची धुरकट होते, ती कितीही घासली तरी पुन्हा स्वच्छ दिसत नाही. मी बेसिनच्या तळाशी टॉवेल अंथरून कोमट पाण्यात एकेक ताटली धुते आणि रचताना मध्ये कापडाचा तुकडा घालते. जुन्या ताटल्यांवर सुरीचे ओरखडे बहुधा असतातच. आजेसासूबाईंच्या सुरीचे आमच्याही ताटल्यांवर आहेत, पण आम्ही हाताने जेवतो, त्यामुळे त्यांत भर पडत नाही, आणि हळदीचा डाग काचेवर बसत नाही. माद्रिदची मधाळ रंगाची ताटली काही दुर्मीळ नव्हे; एखादी फुटली तर जुन्या वस्तूंच्या बाजारात फारसा खर्च न करता दुसरी मिळते. कडेला टवका गेलेली ताटली मात्र मी जेवणातून बाद करते, कारण ती कड ओठ आणि बोटे कापू शकते.