खूण राहते कुठे?

साताऱ्यातल्या एका वकिलांच्या ऑफिसात वाटपाच्या दाव्याची कागदपत्रं पीडीएफ करून ठेवली होती. ज्युनिअर वकिलांनी टॅबलेटवर महत्त्वाच्या ओळी पिवळ्या केल्या, समासात शेरे लिहिले. तारखेच्या आदल्या संध्याकाळी ती फाईल ऑफिसच्या संगणकावर उघडली, तर एकही खूण नाही. मला निरोप आला, "फाईल खराब झालीय, लगेच या."

फाईल शाबूत होती. खुणा तिच्यात कधी गेल्याच नव्हत्या. पीडीएफच्या मानकाप्रमाणे खूण पानाच्या मजकुरात मिसळत नाही, त्याच फाईलमध्ये वेगळी नोंद म्हणून राहते. पण काही ॲप ही नोंद स्वतःच्या डेटाबेसमध्ये ठेवतात. संदर्भ आणि लेख सांभाळणारं झोटेरो मुळातच तसं बेतलेलं आहे. टॅबलेटवरचं ॲपही त्याच जातीचं निघालं. त्यातून खुणांसह पीडीएफ एक्स्पोर्ट केली आणि सगळे शेरे हाती आले. सॉफ्टवेअर निवडताना पहिला प्रश्न हाच: खूण राहते कुठे? रंग किती, पेनं किती, हे नंतर.

काही पानांवर हायलाइट ओळीला धरतच नव्हता, कारण ती नुसती चित्रं होती. ती ३०० डीपीआयला पुन्हा स्कॅन केली आणि मराठी-इंग्रजी दोन्ही भाषा देऊन ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणाऱ्या ओसीआरमायपीडीएफ या प्रोग्रॅममधून काढली. टाईप केलेली खरेदीखतं चांगली वाचली गेली. हस्तलिखित फेरफार आणि मोडी कागद मात्र त्याच्या आवाक्याबाहेरचे; तिथे चौकट आखून टीप लिहायची. सगळ्यात फसव्या त्या श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधल्या फाईली. मजकूर स्वच्छ दिसतो, हायलाइटही होतो, पण नाव शोधलं तर सापडत नाही आणि कॉपी केलं तर भलतीच अक्षरं येतात. तिथे ओसीआर सक्तीने करावा लागतो, तोही खुणा करण्याआधी, कारण त्यात अख्खं पान नव्याने चित्र होतं.

डिजिटल सहीच्या सातबाऱ्याला हात लावायचा नाही. खूण करून सेव्ह केलं की सहीनंतर फाईल बदलल्याचं पडताळणीत दिसतं, आणि प्रोग्रॅमने फाईल नव्याने लिहिली तर सहीच अवैध ठरते. खुणा नेहमी प्रतीवर.

ऑफिससाठी ओक्युलर हा पीडीएफ वाचायचा प्रोग्रॅम ठरवला, तेही चाचणी घेऊन: एका पानावर हायलाइट, चौकट आणि मराठी टीप करून सेव्ह केलं आणि तेच पान ॲक्रोबॅट रीडरमध्ये उघडलं. टीप चौकोन-चौकोन न होता मराठीतच दिसली पाहिजे. छापताना ॲक्रोबॅटमध्ये 'डॉक्युमेंट अँड मार्कअप्स' निवडावं लागतं. नुसतं 'डॉक्युमेंट' राहिलं तर कागदावर खुणा उमटत नाहीत.