पायथ्याच्या गावाविषयी

रविवार, रात्र

राजगडावरचा लेख आज संपत आला. वाटा, माच्या, पाण्याची टाकी हे भराभर लिहून झालं. अडले ते पायथ्याच्या गुंजवण्यापाशी. ट्रेकच्या लेखांत पायथ्याचं गाव बहुधा एका ओळीत उरकलेलं असतं: गाडी इथे लावा, वाट इथून सुरू होते. मला तसं लिहवेना.

पावसाळा हा आपला ट्रेकचा हंगाम आणि नेमका तोच तिथल्या भातलावणीचा. चिखलणी झालेली असते, तरवा म्हणजे भाताची रोपं उपटून मुठी बांधलेल्या असतात. पाऊस आणि माणसं दोन्ही हाताशी आहेत तोवर खाचरं उरकायची असतात. अशा वेळी अरुंद रस्त्यावर गाड्या लागल्या की पॉवर टिलर शेतापर्यंत पोहोचत नाही.

गेल्या रविवारी गुंजवण्याच्या वाटेवर एक काकू गुडघाभर चिखलातून ओरडत होत्या, "आरं बाबांनो, बांधावरनं नका जाऊ, फुटंल त्यो!" फोटो काढणारी मुलं हात हलवून पुढे गेली. बांधावर टाचेचा खोल ठसा उमटला होता आणि त्यातून गढूळ पाण्याची बोटभर धार खालच्या खाचरात पडत होती. काकूंनी हातातली मूठ बाजूला ठेवली, दोन ओंजळी चिखल त्या जागी थापला आणि पुन्हा वाकल्या. बांध नीट फुटला असता तर पाण्याबरोबर नुकतं लावलेलं रोपही गेलं असतं.

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. पुणे जिल्ह्यातले त्यात ३: शिवनेरी, लोहगड, राजगड. ऊर भरून आला होता तेव्हा. पण गडाचं नाव मोठं झालं तरी खालचा रस्ता आणि खाचरं आहेत तेवढीच आहेत.

गर्दी आली की गावात पैसा येतो, असं सगळे म्हणतात. काही घरांपुरतं ते खरंच आहे. कुणी पिठलं-भाकरी करून वाढतं, कुणी गडावर ताक-सरबत विकतं. पण शहरातून बसने येणारे कितीतरी गट पैसे शहरातच भरून येतात, डबेही तिथूनच आणतात. गावाच्या वाट्याला प्लॅस्टिक. आणि गडावरच्या ताकाला महाग म्हणणाऱ्यांनी ते चोरदरवाज्याच्या उभ्या वाटेने वर कसं येतं, हे एकदा थांबून बघावं.

मैत्रीण ताम्हिणीकडच्या एका धबधब्याचं लोकेशन मागत होती, लेखात चौकट करू म्हणाली. नाही देणार. खालची वाडी त्याच ओढ्याचं पाणी पिते. शिवाय तिथे कुणी घसरलं, तर पहिल्यांदा दोर घेऊन उतरायचं ते वाडीतल्या पोरांनीच.

राजगडाच्या लेखात मात्र हे सगळं घातलं आहे: स्वारगेटहून एसटीने मार्गासनीला उतरा, लावणीच्या दिवसांत शनिवार-रविवार टाळा, दसऱ्यानंतर या, जेवायचं असेल तर गावात आदल्या दिवशी कळवा, बांधावरून चालू नका. उद्या संपादकांना पाठवते. लांबी जास्त झाली म्हणाले, तर गडाच्या वर्णनातले दोन परिच्छेद कापीन. लावणीचा राहील.