टर्लिंग्वा : माणूस आहे तिथं

थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत टेक्सासमधले निम्मे मराठी लोक गाड्या काढून कुठे ना कुठे निघतात, आणि त्यातले बरेच बिग बेंड नॅशनल पार्कला जातात. आम्हीही गेलो. पार्कबद्दल मी इथे फारसं लिहिणार नाही. सांता एलेना कॅन्यन भव्य आहे, नदीपलीकडचा कडा मेक्सिकोत आहे, पार्किंगला जागा मिळेपर्यंत जीव मेटाकुटीला येतो. मला लिहायचंय ते पार्कच्या पश्चिमेला असलेल्या टर्लिंग्वाबद्दल. तिथे आम्ही एक रात्र राहिलो आणि ती रात्र अजून डोक्यातून गेलेली नाही.

टर्लिंग्वा हे पाऱ्याच्या खाणीचं गाव. हॉवर्ड पेरी नावाच्या शिकागोच्या उद्योगपतीने १९०३ मध्ये इथे चिसोस मायनिंग कंपनी काढली. इथल्या डोंगरात हिंगूळ सापडतो, आपल्याकडे वैद्य मंडळी वापरतात तोच लालभडक दगड. तो फोडून भट्टीत भाजायचा, त्यातला पारा वाफ होऊन निघतो, ती वाफ थंड करून पारा गोळा करायचा आणि लोखंडी बाटल्यांत भरायचा. एका बाटलीत ७६ पौंड, म्हणजे साडेचौतीस किलो पारा. अशा बाटल्या खेचरांच्या गाड्यांवर लादून ८० मैलांवरच्या आल्पाइनच्या रेल्वे स्टेशनपर्यंत न्यायच्या. पहिल्या महायुद्धात सुरुंग आणि काडतुसांच्या टोप्यांसाठी पाऱ्याला प्रचंड मागणी आली. १९२२ च्या सुमारास अमेरिकेतला ४० टक्के पारा इथून निघत होता. मग उतरती कळा लागली, १९४२ मध्ये कंपनीने दिवाळं काढलं, आणि पुढच्या काही वर्षांत गाव ओस पडलं. माणसं गेली, छपरं गेली. छप्पर गेलं की मातीच्या विटांच्या भिंती दर पावसात थोड्या थोड्या विरघळतात. आज टेकडीवर उभं राहिलं की सगळीकडे अर्ध्या-पाऊण उंचीच्या भिंती दिसतात, आणि मधूनच एखादं घर नव्या पत्र्याचं, नव्या दाराचं, दुरुस्त केलेलं. अशाच एका घरात आमची खोली होती.

हे सगळं मी आईला गाडीत वाचून दाखवत होते. ती सध्या आमच्याकडे ह्यूस्टनला आली आहे. माझे बाबा बल्लारपूरच्या कोळसा खदानीत होते, भूमिगत. त्यामुळे तिने पहिला प्रश्न विचारला तो हा : "मजूर कोण होते मग?"

मजूर बहुतेक सगळे मेक्सिकन. नदी ओलांडून आलेले, बायकापोरांसकट. कंपनीच्या दुकानाच्या पूर्वेला त्यांची वस्ती, पश्चिमेला गोऱ्यांची. मालकाचा वाडा सगळ्यांच्या वर, टेकडीवर. आणि मालक स्वतः बहुतेक काळ दूर शिकागोत नाही तर मेन राज्यात. "आपल्याकडेही साहेब लोकांचे बंगले वेगळेच होते," आई म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत बसली.

आम्ही पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. खोलीत सामान टाकून आधी दफनभूमी बघू म्हटलं, कारण अंधार पडल्यावर तिथे जाऊ नये असं मला वाटत होतं. दफनभूमी रस्त्याला लागूनच आहे. संगमरवर नाही, हिरवळ नाही. दगडांचे ढीग, त्यांत खोचलेले काटक्यांचे क्रूस, काही तारेने बांधलेले, काही वाकून पडलेले. काही थडग्यांवर दगडांचीच छोटी घुमटी, आत मेणबत्तीची काच आणि तिच्यावर ग्वादालुपेच्या मेरीचं चित्र. नाणी ठेवलेली, एकीवर बिअरची बाटली. खाणीत मेलेले, १९१८ च्या फ्लूच्या साथीत गेलेले, बाळंतपणात गेलेल्या बाया, लहान मुलं. नावं अगदी थोड्यांवर. २ नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, गावातले लोक इथे जमतात आणि थडग्या-थडग्यांवर मेणबत्त्या लावतात. त्याला तीनेक आठवडे होऊन गेले होते, तरी ठिकठिकाणी मेण सांडलेलं होतं आणि कागदाची केशरी फुलं उन्हाने पांढुरकी पडली होती. आई वाकून बघत म्हणाली, "झेंडू आहे हा." होताच. त्यांच्याकडेही या दिवशी झेंडूच लागतो.

आणि तिथेच एक तरुण मुलगी एका ढिगाऱ्यावर उभी होती. पाय दगडांवर रोवून, हात पसरून, मागे चिसोसचे डोंगर लाल व्हायला लागलेले. तिचा मित्र खाली गुडघ्यावर बसून फोटो काढत होता. "अजून थोडी डावीकडे," तो म्हणाला आणि ती डावीकडे सरकली. एक दगड घरंगळून खाली आला. माझ्या तोंडून शब्द फुटेना. मी इथे इतकी वर्षं राहते, मला इंग्रजी येतं, आणि तरी पहिला विचार हाच की आपण कसं बोलायचं, भांडण झालं तर काय.

आई सरळ त्यांच्याजवळ गेली. नऊवारी नाही, सहावारीवर माझं जाकीट आणि पायात कॅनव्हासचे बूट. तिने मुलीकडे बघून हात खाली केला आणि तिच्या नेहमीच्या आवाजात म्हणाली, "उतर बापा खाली. माणूस आहे तिथं."

मुलीला एक अक्षर कळलं नसणार. पण ती उतरली. "सॉरी, मॅम," म्हणाली, आणि खरोखर ओशाळली होती. आईने घरंगळलेला दगड उचलून ढिगावर ठेवला, पडलेला क्रूस सरळ केला आणि त्याच्या बुडाशी दोन बारके दगड लावले. त्या मुलीनेही तिसरा दगड आणून दिला. मग ती दोघं गेली.

मला त्या मुलीचा राग नाही. राग आहे तो अशा जागा आपल्यापुढे ज्या तऱ्हेने मांडल्या जातात त्याचा. "भुतांचं गाव" (इंग्रजीत घोस्ट टाउन, म्हणजे ओस पडलेलं गाव) म्हटलं की माणसं जमीन सोडून हवेतलं काहीतरी शोधत येतात, पायाखाली बघत नाहीत. निघण्याआधी मी जेवढं म्हणून वाचलं, त्यात मालकाचा वाडा, त्याची श्रीमंती, त्याचं दिवाळं हे सविस्तर. आणि ज्यांनी तो हिंगूळ वर आणला ते सगळे मिळून "मजूर". पाऱ्याच्या वाफेने हिरड्या सुजतात, दात हलतात, हात थरथरायला लागतात. भट्टीवर काम करणाऱ्यांच्या वाट्याला हे आलं. ते ठळक अक्षरांत कुठेतरी लिहायला हवं.

खोलीबद्दल सांगायचं तर खोली उत्तम होती. हातभर जाडीच्या भिंती, बाहेर कडाक्याची थंडी असून आत ऊब, पांढऱ्याशुभ्र चादरी, भाडं ह्यूस्टनच्या चांगल्या हॉटेलाइतकं. दुरुस्त करणाऱ्यांनी जुनी वीट जिथे शक्य तिथे उघडी ठेवली आहे, हे मला आवडलं. घरं अशी वापरात राहिली तर टिकतील, नाहीतर मातीला मिळतील, हेही खरं. तरी आई पलंगावर बसून बराच वेळ भिंतीवर हात फिरवत होती. "या एवढ्याशा खोलीत सात-आठ जणं राहत असतील," ती म्हणाली. आमचं बल्लारपूरचं क्वार्टर याहून थोडंसंच मोठं होतं. बाबा रात्रपाळीला असले की भोंगा होईपर्यंत ती झोपायची नाही, हे मला त्या रात्री पहिल्यांदा तिच्या तोंडून ऐकायला मिळालं.

जेवायला स्टारलाइट थिएटरमध्ये गेलो. कंपनीच्या काळातलं नाटक-सिनेमाचं सभागृह. मधल्या वर्षांत त्याचं छप्पर नव्हतं आणि लोक आत चांदण्याखाली नाचायचे, तेच नाव राहिलं. आता छप्पर आहे, उपाहारगृह आहे, आणि सुट्टीच्या दिवसांत तास-दीड तास थांबावं लागतं. आम्ही थांबलो. ओट्यावरच्या बाकावर गावातली म्हातारी मंडळी गिटार घेऊन बसली होती; त्यातल्या एकाने उठून आईला जागा दिली आणि तिच्यासाठी आतून गरम पाण्याचा पेला आणला, न मागता. टेक्सासमध्ये इतकी साधी अगत्याची माणसं मला शहरात क्वचित भेटतात.

रात्री आभाळ बघायला बाहेर पडलो. हा सगळा भाग २०२२ पासून जगातलं सगळ्यात मोठं संरक्षित अंधाराचं आकाश आहे, त्यामुळे दिवे मोजके, झाकलेले, खाली तोंड केलेले. आकाशगंगा इकडून तिकडे स्पष्ट दिसते. नवरा आणि मुलगा बाहेरच रमले. आई पाच मिनिटांत आत गेली. म्हणाली, थंडी फार आहे.

सकाळी पूर्वेच्या वस्तीच्या बाजूला हिंडलो. जुन्या खाणींच्या तोंडांवर लोखंडी जाळ्या बसवल्या आहेत, माणूस पडू नये आणि वटवाघळांना जा-ये करता यावी अशा. आईने एका जाळीवर हात धरला. खालून कोमट हवा येत होती. थंडीत खदानीतली हवा बाहेरच्यापेक्षा उबदारच असते. "पहाटे हे वर यायचे तेव्हा अंगाला असाच वास असायचा," ती म्हणाली. आम्ही तिथे बराच वेळ थांबलो, पार्कला पोचायला उशीर झाला, आणि कुणीच तक्रार केली नाही.

चिसोस कंपनीची जुनी कागदपत्रं ऑस्टिनला, राज्याच्या दप्तरखान्यात आहेत. त्यांत हजेरीपट असतील तर नावं असतील. आई फेब्रुवारीत परत जाते. त्याआधी एक दिवस काढून आम्ही दोघी ऑस्टिनला जाणार आहोत. तिला ती नावं वाचून दाखवायची आहेत.