मूठ पिळून बघा

जुलैतला शनिवार होता. रात्रभर पाऊस कोसळत होता. सकाळी सातलाच मुलुंडच्या एका सोसायटीच्या सेक्रेटरीकाकांचा फोन आला, "मॅडम, तुमचं खत आजच्या आज उचला. पहिल्या मजल्यावर कुणाला खिडकी उघडता येत नाहीये."

सोसायट्यांना ओल्या कचऱ्याचं खत करून देणं हा आमचा व्यवसाय. रोज 100 किलोंवर कचरा निघणाऱ्या सोसायट्यांनी तो शक्यतो आवारातच जिरवावा असा नियम 2016 मध्ये आला. पालिकेने 2 ऑक्टोबर 2017 ची मुदत घातली आणि आम्हाला बोलावणी येऊ लागली. पण एक सोसायटी सुटली की दोन बायकांचा पगार सुटतो. रिक्षात तेवढंच डोक्यात होतं.

सोबत गोवंडीच्या मावशी होत्या. देवनारच्या कचऱ्याच्या डोंगरावर त्यांनी कित्येक वर्षं प्लास्टिक वेचलं. 2016 च्या आगीनंतर तिथे आत सोडेनात, तेव्हा त्या माझ्याकडे आल्या.

टाकीचं झाकण उघडलं आणि सडक्या अंड्यासारखा भपकारा आला. काकांनी रुमाल नाकाला लावला. मावशींनी हातमोजा चढवला, कोपरापर्यंत हात आत घातला, मूठभर माल काढून पिळला. मनगटावरून काळ्या पाण्याची धार लागली.

"ताई, एखाद-दुसरा थेंब यायला हवा. ही धार आहे. ह्याला आत हवाच नाही. ओल शोषायला कोरडा पाला कुठाय?"

पाला नव्हताच. किती ओल्याला किती कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा कोरडा भुसा, हे माप मी हिवाळ्यात ठरवून कागदावर दिलं होतं आणि पावसाळ्यात बदललं नव्हतं. चूक सरळ माझी होती. इकडे पार्किंगच्या कोपऱ्यात उन्हाळ्यात झाडलेल्या कोरड्या पाल्याच्या गोण्या रचलेल्या, कचऱ्याच्या गाडीची वाट बघत!

पाच गोण्या रिचवल्या. फावड्याने सगळा माल तळापासून वरखाली केला, गळक्या पत्र्यावर ताडपत्री बांधली. तीन तास गेले.

चौथ्या दिवशी मावशींनी लोखंडी सळई मधोमध खुपसली, थोड्या वेळाने काढून माझ्या हातात दिली. चटका बसला. खत तापलं होतं, म्हणजे काम सुरू झालं होतं. वास गेला होता. काकांनी माळ्याला हाक मारली, "त्या गोण्या गाडीला देऊ नकोस रे."

कागदावरचं माप मी खोडलं. झाकणावर मावशींनी सांगितलं तसं मोठ्या अक्षरांत लिहिलं : पावसात पाला दुप्पट, मूठ पिळून बघा. आता नव्या सोसायटीची पहिली पाहणी त्याच करतात. त्या कामाचे पैसे त्यांना पगाराव्यतिरिक्त मिळतात.