तुम्ही विचारलंत म्हणून: बेर शेवा, म्हणजे दक्षिण इस्राएलमधलं मी राहते ते शहर, याच्या नावाचा अर्थ सात विहिरी का?

नाही. निदान नाव तसं म्हणत नाही.

अलिबाग, ठाणे, पुणे, कुठूनही पाहुणे येवोत, बसमधून उतरता उतरता विचारतात, “बेर म्हणजे विहीर, शेवा म्हणजे सात. मग बाकीच्या सहा कुठायत?” सात हा आकडा आम्हा बेने इस्राएलांना, म्हणजे कोकणातल्या ज्यूंना, जवळचा आहे, हे मला कळतं. नवगावच्या किनाऱ्यावर आमच्या पूर्वजांचं जहाज फुटलं आणि सात जोडपी वाचली, हे ऐकतच आम्ही मोठे झालो. म्हणून या गावात सात भेटले की माणसं खूश होतात. मी मात्र थकले आहे. आता एकदाच नीट लिहिते.

हिब्रूत सात विहिरी म्हणायच्या तर ‘शेवा बेएरोत’ म्हणावं लागतं. आकडा आधी, विहिरी अनेकवचनात. इथे ‘बेएर’ आधी आहे आणि एकवचनी आहे. विहीर एकच, ती कशाची, ते पुढचा शब्द सांगतो. शेवा म्हणजे सात, श्वुआ म्हणजे शपथ, निश्बा म्हणजे त्याने शपथ घेतली. तिन्ही एकाच धातूतले. सप्तपदी ज्यांच्या घरात आहे त्यांना सात आणि वचन यांचं नातं मी वेगळं काय सांगू?

बायबलमधल्या ‘उत्पत्ती’च्या २१व्या अध्यायात अबीमलेख राजाचे चाकर आमचा मूळपुरुष अब्राहाम याची विहीर बळकावतात. अब्राहाम सात कोकरं वेगळी काढतो आणि म्हणतो, ही माझ्या हातून घे, म्हणजे विहीर मी खणली याची साक्ष राहील. मग दोघं शपथ घेतात आणि जागेला नाव पडतं. पुढे २६व्या अध्यायात अब्राहामचा मुलगा इसहाकही अबीमलेखाशी शपथ घेतो, त्याच दिवशी त्याच्या माणसांना पाणी लागतं, आणि तेच नाव पुन्हा पडतं. बापाच्या वेळी एकदा, मुलाच्या वेळी एकदा. बायबलच्या जुन्या ग्रीक भाषांतरात सरळ ‘शपथेची विहीर’ असं आहे.

प्रत्यक्ष विहिरींचं म्हणाल, तर १८३८ मध्ये अमेरिकन बायबल-अभ्यासक एडवर्ड रॉबिन्सन इथे आला तेव्हा त्याला दोन दिसल्या. शहराच्या पूर्वेला जुनं टेकाड आहे, तिथे वेशीबाहेर ६९ मीटर खोल विहीर आहे. आणि जुन्या गावात, म्हणजे तुर्कांनी १९००च्या सुमाराला वसवलेल्या भागात, ‘अब्राहामची विहीर’ म्हणून दाखवतात ती. तिचं बांधकाम अब्राहामच्या काळातलं नाही.

हे सगळं मला नंतर कळलं. त्याआधी कितीतरी वर्षं मी पाहुण्यांना “हो, सात” म्हणून मोकळी व्हायचे.

बाबा गेले त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. त्या जुन्या गावातल्या विहिरीपाशी मी नातेवाइकांना सात विहिरी सांगत होते. बाबा काठीवर रेलून ऐकत होते. मध्येच म्हणाले, “खोटं नको सांगूस. शपथेची विहीर आहे ही.” चारचौघांत टोकल्याचा मला राग आला. मी म्हणाले, “बाबा, तुमचं हिब्रू प्रार्थनेपुरतं. मी इथल्या शाळेत शिकले आहे.” ते गप्प झाले. परतीच्या वाटेवर एक शब्द बोलले नाहीत.

रात्री चहा घेताना त्यांनी आपणहून विषय काढला. १९६४ साली आम्ही गाव सोडून इस्राएलला निघालो तेव्हा आजीने त्यांना ओट्यावर थांबवलं होतं. त्यांचा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाली, “वर्षाच्या आत मला न्यायला येशील. घे माझी शपथ.” त्यांनी घेतली. मी तेव्हा सहा वर्षांची होते. मला बैलगाडी आठवते, हा हात आठवत नाही. इथे कारखान्यात पाळ्या, तुटपुंजा पगार, तिकिटाचे पैसे साठेनात. तिसऱ्या वर्षी आजी गेल्याचं पत्र आलं, तेही महिन्याभराने.

“लहानपणी तुम्ही भावंडं ‘सुटली म्हण, सुटली म्हण’ करत भांडायचात ना?” बाबा म्हणाले. “मला ‘सुटली’ म्हणणारं माणूसच राहिलं नाही. आणि राहायला मिळालं ते या नावाचं गाव.”

मी दुसऱ्या दिवशी शब्दकोश उघडला. खरं सांगते, त्यांना चूक ठरवायलाच उघडला. व्याकरण त्यांच्या बाजूने निघालं. तेव्हापासून मी ‘शपथेची विहीर’ असं ठासून सांगत आले. पण हेही मला कळतं की ‘साताची विहीर’, त्या सात कोकरांची विहीर, असाही अर्थ लागतो. अध्याय २१ मध्ये दोन्ही धागे आहेत आणि ते सोडवून वेगळे करता येत नाहीत. मग मी शपथेचाच अर्थ का धरून बसते? अभ्यासामुळे, की त्या विहिरीपाशी बापाला जे बोलले त्यामुळे? अभ्यासामुळेच, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. आता तितक्या ठामपणे सांगवत नाही.

व्याकरण तुमच्या बाजूचं निघालं, हे मी बाबांना सांगितलं नाही. माफीही मागितली नाही. कोल निद्रेच्या, म्हणजे योम किप्पूर या प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी, देवाशी केलेली वचनं सुटतात. माणसाचं माणसाशी काही असेल तर आधी त्या माणसाला जाऊन मनवावं लागतं, असं मिश्ना या आमच्या जुन्या धर्मग्रंथात स्पष्ट आहे. बाबांना ते पाठ होतं. दर वर्षी त्या संध्याकाळी ते सर्वांत शेवटी घरी यायचे.

पुढच्या महिन्यात रोह्याकडून चुलतभाऊ येतो आहे. तो सात विहिरींचं विचारणारच. त्याला टेकाडावर नेईन, वेशीबाहेरची विहीर दाखवीन, कोकरांची गोष्ट सांगेन. आजीचं घर त्याच्याच गावात होतं. तो ओटा अजून आहे का, हे मला त्याला विचारायचं आहे.